पुस्तकातील चित्र आणि वाचकाचे अश्रू

कादंबरीतील चित्र ही केवळ शोभेची वस्तू आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मजकूर हे जेवण आणि चित्र ही पानाभोवतीची रांगोळी. रांगोळी नसली म्हणून कोणी उपाशी उठत नाही, हे खरे. परंतु एका प्रकारच्या कादंबऱ्यांच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही. नायक-नायिकेची ताटातूट व्हावी, पुन्हा भेट होता होता राहावी आणि शेवटी दोघांचाही करुण अंत व्हावा, अशा ज्या भावविवश कथा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात लिहिल्या गेल्या आणि पुढे जगभर पसरल्या, त्यांच्यात चित्राने शोभेहून मोठे काम केले. वाचकाने कोठे थांबावे आणि कोणासाठी डोळे पुसावेत, हे पुष्कळ अंशी चित्राने ठरविले. ते कसे ठरविले आणि त्यात कोणावर अन्याय झाला, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

विषय दूरचा आहे, तळोद्याच्या माणसाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण हा विषय तांब्याचा आणि लाकडाचा आहे, आणि लाकूड ही तर आपल्या गावची जुनी ओळख. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत तळोद्याची नोंद खानदेशातील सर्वांत महत्त्वाचा लाकूडबाजार म्हणून आहे. रोशाचे तेल आणि धान्य यांच्या व्यापाराबरोबर, खानदेशातील उत्तम बैलगाड्या येथे तयार होतात आणि एका गाडीची किंमत सुमारे ४० रुपये पडते, असेही तेथे म्हटले आहे. ज्या गावाने सातपुड्याच्या लाकडाची पारख पिढ्यान्‌पिढ्या केली, त्या गावाला लाकडावर चित्र कसे कोरतात हे समजावून सांगण्यास फार वेळ लागू नये.

ठसा कसा तयार होतो

छापील चित्राचे जुने प्रकार मुख्यतः दोन. एक तांब्याच्या पत्र्याचा, दुसरा लाकडी ठशाचा. दोहोंतील फरक नीट ध्यानात आला तरच पुढील गोष्ट कळेल.

घरातील भांड्यांवर नाव घालून घेण्याची आपली चाल सर्वांना ठाऊक आहे. टोकदार हत्याराने पितळेवर अक्षरे खोदली जातात. अशा भांड्यावर काजळी चोळली आणि वरून फडक्याने पुसून काढली, तर काजळी फक्त खोदलेल्या अक्षरांत राहील. आता त्यावर ओलसर कागद ठेवून जोराने दाबला तर खाचेतील काजळी कागदावर उमटेल. तांब्याच्या पत्र्यावरील चित्र नेमके असेच छापतात. जेथे खोदले तेथे काळे आणि जेथे पत्रा सपाट राहिला तेथे पांढरे. रेषा केसाहून बारीक काढता येते, म्हणून चेहऱ्यावरील भाव, रेशमाची घडी, दूरचे आभाळ हे सारे साधते. परंतु खाचेतील शाई ओढून घेण्यास फार मोठा दाब लागतो आणि त्यासाठी निराळे यंत्र लागते. त्यामुळे चित्र मजकुराबरोबर छापता येत नाही. ते स्वतंत्र जाड कागदावर छापून मागाहून पुस्तकात बांधावे लागते. खर्च वाढतो, पत्राही काही हजार प्रतींत झिजू लागतो. म्हणून एका कादंबरीत अशी चित्रे चार, सहा, फार तर बारा. चित्रे थोडी असली म्हणजे निवड कठोर होते, ही गोष्ट येथेच लक्षात ठेवावी.

लाकडी ठशाची रीत याच्या उलट. तेथे जे पांढरे राहावयाचे ते कोरून काढतात आणि जे काळे उमटावयाचे ते उंच ठेवतात. छापखान्यातील शिशाचे खिळेही असेच उंच असतात. म्हणून ठशाची उंची खिळ्यांइतकी ठेवली की मजकूर आणि चित्र एकाच चौकटीत बसते आणि एकाच दाबाने छापून निघते. पूर्वी हे ठसे फळीवर कोरीत. फळीत लाकडाचे तंतू उभे धावत असतात. तंतूंच्या दिशेने हत्यार घसरते, आडवे चालविले तर ढलपा निघतो. गाडीच्या चाकाचा तुंबा किंवा आरे घडविणाऱ्याला हे निराळे सांगावयास नको. इंग्लंडात न्यूकॅसल येथील टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) याने फळी टाकून ओंडक्याच्या आडव्या छेदावर, म्हणजे झाड तोडल्यावर बुंध्याच्या तोंडावर वर्तुळे दिसतात त्या बाजूवर, काम करण्याची रीत नावारूपास आणली. तेथे तंतूंची टोके वर आलेली असतात, त्यामुळे कोरणी कोणत्याही दिशेला सारखीच चालते. त्यासाठी बॉक्सवुड नावाचे अतिशय घट्ट आणि बारीक पोताचे लाकूड वापरीत. ते झाड सावकाश वाढते, खोड मनगटा-मांडीएवढेच होते, म्हणून ठसे लहान, आणि मोठे चित्र हवे असल्यास अनेक तुकडे जोडून करीत. परंतु असा ठसा हजारो प्रती सहज देतो. याचा परिणाम असा झाला की चित्र पुस्तकाच्या पानातच, ओळींच्या मधोमध येऊन बसले. चार-सहा चित्रांच्या जागी चारशे चित्रे शक्य झाली.

अश्रूंची पहिली पुस्तके

१७६१ मध्ये फ्रेंच भाषेत रूसोची 'ज्यूली' ही कादंबरी निघाली. शिक्षक आणि विद्यार्थिनी यांचे प्रेम, कुळाच्या अभिमानामुळे झालेला विरह आणि शेवटी ज्यूलीचा मृत्यू, अशी ती कथा पत्रांतून सांगितलेली आहे. या कादंबरीसाठी ग्राव्हलो या चित्रकाराने बारा चित्रे काढली. त्यांची विशेष गोष्ट अशी की, प्रत्येक चित्रात काय असावे, कोणी कोठे उभे राहावे, चेहऱ्यावर काय दिसावे, याचे तपशीलवार टाचण स्वतः रूसोने लिहून दिले होते. चांगल्या चित्रकाराने केवळ तो क्षण दाखवून थांबू नये, आधी काय झाले आणि पुढे काय होणार हेही पाहणाऱ्याला जाणवले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. बाराव्या चित्रात ज्यूली मृत्युशय्येवर आहे आणि तिची जिवलग बहीण क्लेअर तिच्या मुखावर पडदा घालीत आहे. कादंबरीप्रमाणे तो मोती गुंफलेला जरीचा पडदा प्रियकराने हिंदुस्थानाकडून आणलेला. ज्यूलीच्या मृत्युसमयी प्रियकर तेथे नसतो. त्याने आणलेले वस्त्र तेवढे असते. एका वस्त्राने अनुपस्थित माणसाला चित्रात आणले, ही त्या काळच्या चित्रकलेची उंची म्हणावी लागेल.

१७७४ मध्ये जर्मन भाषेत गटेची 'वेर्थर' आली. नायक परस्त्रीवरील प्रेमाने झुरून आत्मघात करतो. पुढील दोन-तीन वर्षांतच खोदोव्हिएत्स्की या बर्लिनच्या कोरीवकाराची चित्रे तीत आली. पण अधिक सांगण्यासारखी गोष्ट इंग्लंडातली. तेथे १७८०च्या दशकात 'वेर्थरच्या समाधीपाशी शोक करणारी शार्लोट' या विषयाची सुटी चित्रे छापून विकली जाऊ लागली. वस्तुतः कादंबरीत असा प्रसंगच नाही. तेथे वेर्थरला मजूर उचलून नेतात, एकही धर्मगुरू बरोबर नसतो, आणि शार्लोटच्या जिवाचीच काळजी सर्वांना लागलेली असते. लेखकाने वाचकाला कोरड्या, कठोर शेवटापाशी आणून सोडले होते. चित्राने तेथे एक समाधी, एक वृक्ष आणि एक रडणारी स्त्री आणून ठेवली. वाचकाला रडण्यासाठी सोबत हवी होती, ती बाजाराने पुरविली.

मॉरिशसची कथा

या सर्वांत ज्या पुस्तकाची चित्रे सर्वांत अधिक पसरली, ते पुस्तक म्हणजे बेर्नार्दें द सँ-पिएर याचे 'पॉल आणि व्हर्जिनी'. ते प्रथम १७८८ मध्ये त्याच्या एका मोठ्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात आणि १७८९ मध्ये स्वतंत्रपणे छापले गेले. लेखक १७६८ ते १७७० या काळात मॉरिशस बेटावर इंजिनिअर म्हणून राहिला होता, आणि कथाही तेथलीच आहे.

एक विधवा सरदारकन्या आणि एक फसविली गेलेली शेतकरी स्त्री या बेटावर शेजारी शेजारी झोपड्या बांधून राहतात. एकीची मुलगी व्हर्जिनी, दुसरीचा मुलगा पॉल. दोघे एकत्र वाढतात आणि त्यांचे प्रेम नकळत उमलते. फ्रान्समधील एक श्रीमंत आजी वारशाचे आमिष दाखवून व्हर्जिनीला बोलावून घेते. प्रवासाच्या तयारीसाठी पैसा येताच बेटावरचे व्यापारी कापडाचे गठ्ठे घेऊन दारी येतात. त्यांत डाक्क्याची मलमल आहे, मच्छलीपट्टणचे रुमाल आहेत आणि सुरतेचा पांढराशुभ्र बाफ्ताही आहे. आपल्या प्रकाशाच्या घाटावरून वाहणारी तापी ज्या बंदराला जाऊन मिळते, त्या बंदराचे कापड या फ्रेंच कथेत असे अवचित भेटते. फ्रान्समध्ये व्हर्जिनी आजीने ठरविलेले लग्न नाकारते आणि वारसा गमावून परत निघते. तिचे जहाज बेटाच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडते. एक खलाशी अंगावरचे कपडे टाकून तिला पोहून नेण्यास येतो आणि तिनेही वस्त्रे उतरावीत अशी विनवणी करतो. ती मान फिरविते. एक हात वस्त्रांवर, एक हात हृदयावर ठेवून, शांत नजर वर लावून ती लाटेला सामोरी जाते. वाळूत तिचे प्रेत सापडते तेव्हा मुठीत पॉलने दिलेली एक लहानशी तसबीर असते. दोन महिन्यांत पॉलही जातो आणि मागोमाग दोघांच्या आया.

जहाजाचे नाव 'सँ-जेराँ', आणि ते काल्पनिक नव्हते. १७ ऑगस्ट १७४४ च्या रात्री ते खरोखरच मॉरिशसच्या ईशान्य किनाऱ्यावरील खडकांवर आपटून फुटले आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे वाचली. कादंबरीत हा प्रसंग डिसेंबरात, तुफानात घडतो. खरे जहाज ऑगस्टात फुटले, आणि तो त्या बेटावरील चक्रीवादळांचा काळ नव्हे. जे वाचले त्यांच्या जबान्या घेण्यात आल्या होत्या. त्यांत कपडे उतरविण्यास नकार देणारी व्यक्ती आहे, पण ती कोणी तरुणी नव्हे. तो जहाजाचा कप्तान! उघड्या अंगाने किनाऱ्याला लागणे आपल्या हुद्द्याला शोभणार नाही, असे तो म्हणाल्याचे नमूद आहे. लेखकाने एका अधिकाऱ्याचा हट्ट काढून तो एका मुलीच्या लज्जेला नेसविला, आणि जगाला शंभर वर्षे पुरेल एवढे रडू निर्माण केले.

सहा चित्रे आणि एक राहिलेली स्त्री

आता चित्रांकडे वळू. १७८९ च्या छोट्या आवृत्तीत तांब्याच्या पत्र्यावरील चार चित्रे होती. तीन मोरो या चित्रकाराची, आणि चौथे, दुर्घटनेचे, सागरचित्रांत नावाजलेल्या व्हेर्नेचे. १८०६ मध्ये दीदो या प्रसिद्ध मुद्रकाने मोठ्या आकाराची वैभवशाली आवृत्ती काढली. तीत सहा प्रसंग सहा नामांकित चित्रकारांकडे दिले होते. लाफीतने दोघांचे बालपण काढले. जिरोदेने पॉल व्हर्जिनीला उचलून ओढा ओलांडतो तो प्रसंग काढला. जेरारने बेटाच्या गव्हर्नरचे आगमन, मोरोने निरोप, प्रूदाँने जहाजफूट आणि इसाबेने समाध्या. कीर्तनकाराने आख्यान लावावे तशी ही सहा चित्रे लागोपाठ पाहिली तर मजकूर न वाचताही कथा कळते. जन्म, स्नेह, दैवाचा प्रवेश, वियोग, मृत्यू, स्मृती.

पण यात कोण नाही, ते पाहावे. कादंबरीच्या पूर्वार्धात एक प्रसंग आहे. एक रविवारी सकाळी मालकाच्या छळाला कंटाळून पळालेली एक गुलाम स्त्री व्हर्जिनीच्या दारी येते. अंगावर वळ, कमरेला फाटके फडके. व्हर्जिनी तिला स्वतःसाठी केलेली न्याहारी खाऊ घालते आणि भोळेपणाने तिला परत मालकाकडे घेऊन जाऊन तिच्यासाठी क्षमा मागते. मालक व्हर्जिनीच्या रूपाकडे पाहून क्षमा देतो. मुले आनंदाने परततात. पुढे त्यांच्या घरचा गुलाम दोमँग सांगतो की, त्या स्त्रीला मालकाने पायात साखळी घालून ओंडक्याला बांधले आहे आणि गळ्यात तीन आकड्यांचे लोखंडी कडे अडकविले आहे. तिचे पुढे काय झाले ते कथा सांगत नाही. जिरोदेचा जो ओढा ओलांडण्याचा प्रसंग पुढे इतका गाजला, तो याच परतीच्या वाटेवरचा आहे. म्हणजे रसिकांनी ज्या चित्रातील कोवळ्या प्रेमाला दाद दिली, त्या चित्राच्या अगदी मागे, चौकटीच्या बाहेर, ती साखळीतील स्त्री उभी आहे. सहा मोठ्या चित्रांपैकी एकही तिच्या वाट्याला आले नाही.

यात चित्रकारांचा दुष्टपणा होता, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. चित्रे सहाच काढावयाची, तर नायक-नायिकेला सोडून दुसऱ्याकडे पाहण्यास जागा कोठून मिळणार? परंतु परिणाम तोच होतो. १८०६ मध्ये मॉरिशसवर गुलामी चालूच होती. पुस्तक विकत घेऊ शकणारा वाचक उसाच्या साखरेचा चहा-कॉफी पीत समाध्यांच्या चित्रावर अश्रू ढाळीत होता, आणि ज्या हातांनी ती साखर पिकविली त्यांच्यासाठी चित्रात खूणही नव्हती. ज्या जहाजाच्या फुटण्यावर एवढे रडू आले, त्या खऱ्या 'सँ-जेराँ'वर साखर गाळण्याच्या कारखान्याची यंत्रसामग्री होती, हेही येथे सांगून ठेवले पाहिजे.

लाकडी ठशाने ही कोंडी थोडी फोडली. १८३८ मध्ये पॅरिसच्या क्यूर्मेर या प्रकाशकाने या पुस्तकाची जी आवृत्ती काढली, तीत पूर्ण पानाची चित्रे वेगळी आणि मजकुरात पेरलेली साडेचारशेच्या आसपास लहान चित्रे वेगळी. पुष्कळ ठसे इंग्रज कारागिरांनी कोरले, कारण आडव्या छेदावरील कामात ते पुढे होते. आता ओळींच्या मधून बेटावरची झाडे, झोपड्या, राबणारी माणसे, इमानी कुत्रा हे सारे डोकावू लागले. जागा वाढली तशी दृष्टी वाढली. यंत्रातील फरक हा कधी कधी मनातील फरक घडविण्यास साहाय्य करतो, त्याचे हे उदाहरण.

याच आवृत्तीत त्याच लेखकाची 'हिंदुस्थानातील झोपडी' ही दुसरी छोटी कथा जोडलेली आहे आणि तिची बरीचशी चित्रे पुढे कीर्ती पावलेल्या तरुण मेसोनिएने काढली. एक इंग्रज विद्वान सत्याच्या शोधात जगन्नाथपुरीच्या ब्राह्मणांपर्यंत जातो आणि त्याला समाधान मिळते ते वादळी रात्री एका अस्पृश्य माणसाच्या झोपडीत. त्या माणसाची बायको ब्राह्मण विधवा असते. सती जाण्याच्या वाटेवरून ती परतलेली, आणि दोघांची ओळख झालेली ती स्मशानात. या दोघांची कथा शोकान्त नाही. समाजाने ज्यांना मेलेलेच मानले, ती दोघे सुखाने जगतात. लेखकाला हिंदुस्थानची माहिती ऐकीवच होती आणि चित्रांतील वेशभूषाही पुष्कळ कल्पनेची. तरी सुखी, निष्पाप प्रेमिकांना बुडविणारा हाच लेखक बहिष्कृतांना जगवितो, हे विसरण्याजोगे नाही.

आपल्याकडे काय झाले

मराठी पुस्तकांत अशी चित्रे त्या काळी का आली नाहीत, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. हात नव्हते असे मुळीच नाही. पुण्यात इंग्रज वकील मॅलेट याच्या आणि नाना फडणविसांच्या काळात एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे कोरावयास शिकला होता. नानांच्या मृत्यूनंतर तेच कसब मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयास गेले आणि १८०५ मध्ये पत्र्यावरून छापलेली भगवद्‌गीता तयार झाली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. म्हणजे धातू, दगड, शाई, हात, सर्व काही होते. परंतु त्यांचे पहिले काम धर्मग्रंथ आणि पंचांग हे होते. कथा पुष्कळ नंतर आली.

ती आली तेव्हाही शोकान्त प्रेमाला आपल्या परंपरेत सहज जागा नव्हती. रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये, कथेचा शेवट गोड व्हावा, हा संस्कृत नाटकाचा दंडक. भासाच्या 'ऊरुभंगा'सारखा अपवाद विरळा. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७) विधवांच्या दुःखावर होते, प्रेमकथा म्हणून ते लिहिलेलेच नव्हते. हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८) यांत संकटे पुष्कळ, पण शेवटी मीलन ठरलेले. आपल्या चित्रकलेलाही त्यामुळे विरह माहीत होता, विनाश नव्हे. शकुंतलेचे पत्रलेखन, दमयंतीचा हंसाशी संवाद, हे राजा रविवर्म्याने रंगविलेले विषय पाहावेत. १८९४ मध्ये त्याचा छापखाना मुंबईत निघाल्यावर अशी चित्रे घरोघरी भिंतीवर गेली. ती पुस्तकाच्या पानात बसली नाहीत. आणि त्यांतील प्रत्येक स्त्रीचे दुःख पुढे संपणार आहे, हे पाहणाऱ्याला आधीच ठाऊक होते.

आपल्या सातपुड्याच्या उत्तरेला, नर्मदेपलीकडे मांडू आहे. बाज बहादूर आणि रूपमती यांची कथा ही आपल्या भागातील खरीखुरी शोकान्त प्रेमकथा. १५६१ मध्ये अकबराचा सरदार अधमखान याने माळवा जिंकला तेव्हा रूपमतीने विष घेतले, असे सांगतात. या दोघांची हाताने रंगविलेली लहान चित्रे पुढील दोन-अडीचशे वर्षे उत्तरेकडील चित्रकारांनी अनेक काढली. पण त्यांचा आवडता प्रसंग कोणता? दोघे घोड्यांवर बसून जोडीने चालली आहेत, हा! विषाचा पेला नव्हे. युरोपातील कोरीवकाराने मृत्यूचा क्षण निवडला आणि आपल्या चित्रकाराने सहवासाचा. एकाने सांगितले, पाहा, काय गेले. दुसऱ्याने सांगितले, पाहा, काय होते. दोहोंपैकी एकच खरे असे नाही. मॉरिशसचा शिल्पकार प्रॉस्पेर देपिने (१८३६–१९१४) यानेही पॉल आणि व्हर्जिनीचे शिल्प करताना जहाजफूट टाळली आणि ओढा ओलांडणारी जोडीच निवडली. त्याची प्रतिकृती त्या बेटावर क्यूरपीप येथे आजही उभी आहे.

मराठीत खरे अश्रू आले ते हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'ने. १८९० पासून ती 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. येथे प्रियकर-प्रेयसी नाहीत, नवरा-बायको आहेत. रघुनाथराव मरतो आणि यमूचे केशवपन होते. आपल्या समाजात प्रेमाला लग्नाबाहेर जागाच नव्हती, म्हणून प्रेमाचा शोकही लग्नाच्या आत घडला. आणि येथे रडण्यासारखा क्षण लाटेने किंवा वादळाने आणला नव्हता. तो घरातल्या माणसांनी आणला होता. व्हर्जिनीसाठी रडणाऱ्याला समुद्राला दोष देता आला. यमूसाठी रडणाऱ्याला स्वतःच्या ओसरीकडे पाहावे लागले. म्हणूनच त्या अश्रूंतून काही सुधारणा निघाली.

पुढे छायाचित्रावरून ठसा करण्याची, ज्याला आपण हाफटोन ब्लॉक म्हणतो ती, युक्ती आली आणि कोरणारा हात मागे पडला. 'मनोरंजन'सारख्या मासिकांतून आणि धुरंधरांसारख्या चित्रकारांच्या कुंचल्यातून प्रसंगचित्रे वाचकांसमोर आली. चाळीस सालानंतर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी कादंबरीचे वेष्टनच चित्रमय केले. चित्र पुस्तकाच्या पोटातून मुखावर आले आणि क्षणाऐवजी मुद्रा सांगू लागले. वाचनालयाच्या कपाटापुढे उभा राहिलेला वाचक आता कथा उघडण्यापूर्वीच नायिकेचे डोळे पाहतो आणि मनाशी ठरवितो की ही आपल्याला रडविणार.

पाहावे कसे

शेवटी पुन्हा त्या बेटाकडे. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसवरील गुलामी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना माणसे हवीच होती. १८३४ पासून १९२० पर्यंत हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख माणसे करारावर तेथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आज तेथे गणेशोत्सव करतात, मुले शाळेत मराठी शिकतात. हे लोक ज्या धक्क्यावर उतरले तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला. क्यूर्मेरची ती साडेचारशे चित्रांची आवृत्ती पॅरिसमध्ये बांधली जात होती, त्याच सुमारास ही जहाजे त्या किनाऱ्याला लागत होती. त्या जहाजांवरही कोणी एकमेकांवर जीव टाकणारे असतील, कोणाची वाटेत ताटातूट झाली असेल. त्यांच्यासाठी तांब्याचा पत्रा कोणी घासला नाही आणि बॉक्सवुडचा ओंडका कोणी कापला नाही.

याचा अर्थ व्हर्जिनीसाठी रडू नये असा नाही. परक्या मुलीच्या मृत्यूने ज्याचा गळा दाटून येतो, त्याच्या मनाला पाझर आहे, आणि तो पाझर ही मोठी ठेव आहे. आमचे म्हणणे एवढेच की सचित्र पुस्तक हाती आले म्हणजे तीन गोष्टी विचाराव्यात. चित्रकाराने हाच क्षण का निवडला? हा क्षण लेखकाचा आहे की बाजाराचा? आणि या चित्राच्या चौकटीला लागून, पण बाहेर, कोण उभे आहे? आज चित्रे हातातल्या फोनवर क्षणाक्षणाला येतात. त्यांतही कोणीतरी निवडलेला क्षण असतो आणि कोणीतरी वगळलेला माणूस असतो. तांब्यावर कोरणाऱ्याला सहा चित्रांची मर्यादा होती, म्हणून त्याला क्षमा करता येईल. आपल्याला चित्रांची मर्यादा उरलेली नाही. म्हणून चौकटीबाहेरच्या माणसाकडे पाहिले नाही, तर ती सबब आपल्याला सांगता येणार नाही.